बाहेरचा परीक्षक पेढीवर येतो तेव्हा

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा आम्हांस गुणवत्तेचे प्रमाणपत्र व त्याची पूर्वतयारी या विषयावर लिहावयास सांगितले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते धान्याच्या घाऊक पेढीवर. विषय तज्ज्ञांचा आहे हे आम्ही जाणतो. तथापि तज्ज्ञ मंडळी जे कागद लिहून देतात त्यांचा भार अखेर आपल्याच मुनीमावर आणि हमालावर पडतो, यास्तव त्या बाजूने दोन गोष्टी सांगण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

अलीकडे पिठाच्या मोठ्या गिरण्या, बिस्किटांचे कारखाने आणि निर्यातदार सौद्याच्या आधीच एक प्रश्न विचारतात: तुमच्या गोदामाची तपासणी कोणी केली आहे? 'आम्ही स्वतः करतो, तीन पिढ्या करीत आलो' हे उत्तर त्यांस पुरत नाही. छावणीच्या संयोगितागंज मंडीत ज्या पेढीचा शब्द नाण्याप्रमाणे चालतो, तिच्याही बाबतीत दूरच्या खरेदीदाराला त्या शब्दाची किंमत कळावयास मार्ग नसतो. त्याला तिऱ्हाइताची साक्ष हवी असते. हे अपमानास्पद मानण्याचे कारण नाही. आपणही अनोळखी गावच्या अडत्याला उधारी देताना चार ठिकाणी चौकशी करतोच.

तपासणीचे तीन प्रकार समजून घेतले पाहिजेत. आपण आपली करतो ती पहिली, गिऱ्हाईक येऊन करते ती दुसरी, आणि दोघांशीही देण्याघेण्याचा संबंध नसलेला परीक्षक करतो ती तिसरी. प्रमाणपत्र या तिसऱ्या तपासणीतून मिळते. ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. शेतमालाच्या प्रतवारीचा व शिक्क्याचा कायदा १९३७ साली झाला आणि त्यातून ॲगमार्क आला. त्या खात्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा नागपुरास आहे. पुढे १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आला, आणि त्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. त्याची नियमावली ऑगस्ट २०११ पासून लागू झाली. आपल्या बिलावर १ जानेवारी २०२२ पासून जो चौदा अंकी क्रमांक छापावा लागतो तो याच कायद्याखालचा होय.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. तो क्रमांक परवान्याचा किंवा नोंदणीचा आहे, प्रमाणपत्राचा नव्हे. परवाना म्हणजे धंदा करण्याची मुभा. आयएसओ २२००० सारखे प्रमाणपत्र म्हणजे आपण ठरविलेल्या पद्धतीने रोज काम करतो याबद्दल बाहेरच्या संस्थेने दिलेली साक्ष. हे मानक प्रथम २००५ साली निघाले आणि २०१८ साली सुधारले गेले. त्याच्या मुळाशी असलेली विचारसरणी अमेरिकेत १९६० च्या सुमारास अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना जन्मास आली. आकाशात गेलेल्या माणसाचे पोट बिघडले तर वैद्य कोठून आणणार? तयार झालेले अन्न तपासून उपयोग नाही, कारण तपासावे ते संपते आणि खावयास काही उरत नाही. म्हणून पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने व तेथील अंतराळ संस्थेने मिळून उलटा मार्ग धरला: धोका कोठे शिरतो ती जागा शोधावयाची आणि तेथेच पहारा बसवावयाचा. धान्याच्या गोदामात अशा जागा फार नाहीत. ओल, कीड, उंदीर, खडेमाती, परके रसायन आणि फाटके किंवा घाणेरडे बारदान, इतक्यांत बहुतेक सर्व आले.

आमच्या तरुण व्यापारीबंधूंस एक सावधगिरीची सूचना. प्रमाणपत्र 'आठ दिवसांत घरपोच' देणारे लोक फिरत असतात. जी संस्था सल्ला देते तिनेच प्रमाणपत्र द्यावे हे मानकाच्या नियमांत बसत नाही. देणाऱ्या संस्थेला स्वतःलाही मान्यता लागते आणि आपल्याकडे ती भारतीय गुणवत्ता परिषदेचे मंडळ देते. ती मान्यता पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. असे विकत घेतलेले प्रमाणपत्र चौकटीत शोभते, पण जाणता खरेदीदार पहिल्याच ओळीत ते ओळखतो आणि मग आपल्या खऱ्या मालाविषयीही शंका घेऊ लागतो.

मराठी माणसांत या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईच्या डबेवाल्यांचे. त्यांच्या संस्थेने आयएसओ ९००१:२००० हे प्रमाणपत्र मिळविले. त्यांच्याविषयी 'सिक्स सिग्मा' म्हणून जे बोलले जाते ते १९९८ साली फोर्ब्स या अमेरिकन नियतकालिकात आलेल्या लेखावरून पसरले. ती स्तुती होती आणि आयएसओ ही परीक्षा होती, हा भेद ध्यानात ठेवावा. आम्हांस या उदाहरणातील एक गोष्ट विशेष वाटते. घरातून डबा वेळेवर तयार मिळाला पाहिजे असा त्यांचा गिऱ्हाइकासाठी नियम आहे. वारंवार उशीर करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सोडून देतात, कारण एका घरच्या दिरंगाईने सगळी साखळी मोडते. म्हणजे चोख काम हे निम्मे नोकराच्या हाती आणि निम्मे गिऱ्हाइकाच्या हाती असते. आपल्या पेढ्यांवर तयारी करताना ही दुसरी बाजू बहुधा विसरली जाते. तिच्याकडे आपण पुढे येऊच.

आपल्या इंदुरातही उदाहरण आहे. छप्पन दुकानला २०१९ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता दिली. त्या योजनेची रीत पाहण्यासारखी आहे. प्रथम तिऱ्हाईत संस्था येऊन पाहणी करते आणि उणिवा लिहून देते. मग दुकानदारांना व त्यांच्या माणसांना शिक्षण देतात, उणिवा भरून काढतात आणि मगच अंतिम परीक्षा होते. पहिल्या पाहणीत उणिवा निघणे हा कोणाचा अपमान नसून तो त्या कामाचा पहिला टप्पा आहे. घाऊक पेढीनेही असेच करावे. आपल्याच संघातील दुसऱ्या सभासदाला परीक्षक म्हणून बोलवावे, आणि त्याने भिडेखातर काही झाकू नये.

आता परीक्षक काय पाहतो ते सांगतो. तो प्रथम कागद पाहतो, मग गोदामात फिरतो, आणि फिरताना ज्याच्याशी आपण त्याची गाठ घालून दिली नाही नेमके त्यालाच थांबवून प्रश्न विचारतो. त्याची सर्वांत अवघड परीक्षा म्हणजे मागचा-पुढचा माग. थप्पीतील एका पोत्यावर हात ठेवून तो म्हणेल, हा गहू कोणत्या दिवशी, कोणाकडून आला, आणि याच खेपेतील बाकीची पोती कोणाकडे गेली? मुनीमाने बसल्या जागी वहीतून याचे उत्तर काढून दाखवावे लागते. ज्या पेढीवर आवक-जावक खेपेच्या क्रमांकाने लिहितात तेथे ही दहा मिनिटांची बाब आहे. जेथे 'गहू, मिल क्वालिटी, पोती २००' एवढेच लिहितात तेथे सबंध दिवस जाऊनही उत्तर सापडत नाही.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेले आणि शंभरावर माणसे मेली. पीठ दळणाऱ्याने किंवा विकणाऱ्याने त्यात काही घातले नव्हते. वाहतुकीत विषाचे डबे आणि खाण्याचा माल एकत्र आला आणि गळती झाली, इतकेच. त्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. इराकमध्ये १९७१ च्या अखेरीस पेरणीसाठी पारायुक्त औषध चोळलेला गहू लोकांनी दळून खाल्ला. इस्पितळांत दाखल झालेल्यांपैकी ४५९ जणांच्या मृत्यूची नोंद आहे. परीक्षक जेव्हा विचारतो की ट्रक भरण्यापूर्वी त्यात आधी काय भरले होते हे तुम्ही पाहता काय, तेव्हा या प्रश्नामागे अशी प्रेते आहेत. माल भरताना ट्रकचे फाळके उघडून वास घेणारा हमाल हा आपल्या पेढीचा पहिला रसायनतज्ज्ञ आहे. त्याला 'हा ट्रक नको' म्हणण्याचा अधिकार आहे काय, याचा विचार प्रत्येक मालकाने करावा.

नोकरवर्गाच्या तयारीत सर्वांत मोठा अडथळा भीतीचा असतो. साहेब येणार म्हटले की हमालाला वाटते आपली नोकरी जाणार, आणि मुनीमाला वाटते आपली वही पकडली जाणार. म्हणून मालकाने आधीच स्पष्ट सांगावे की ही परीक्षा पेढीची आहे, माणसाची नाही, आणि खरे बोलल्याबद्दल कोणासही बोल लागणार नाही. पढविलेली उत्तरे मुळीच देऊ नयेत. चार हमालांनी एकाच शब्दांत एकच उत्तर दिले की परीक्षकाला काय ते कळते. उलट, 'फाटके पोते दिसले तर काय करता?' या प्रश्नावर हमालाने 'बाजूला काढतो, सुईने शिवतो, सांडलेले झाडून वेगळ्या पोत्यात भरतो, ते चांगल्यात घालत नाही' असे आपल्या बोलीत सांगितले तर त्याहून चांगला पुरावा नाही. जे ठाऊक नाही त्याबद्दल 'मुनीमजींना विचारून सांगतो' हे उत्तर पूर्ण मान्य असते.

कायद्याप्रमाणे अन्न हाताळणाऱ्या माणसांची वैद्यकीय तपासणी दर वर्षी करावी लागते, आणि दर पंचवीस माणसांमागे निदान एक शिक्षण घेतलेला देखरेख करणारा असावा लागतो. काट्याची सरकारी पडताळणी वेळेवर झालेली असावी. याविषयी अधिक लिहीत नाही. ही कामे सरळ आहेत आणि करावयाचीच आहेत.

वह्यांविषयी मात्र लिहिले पाहिजे. झाडलोट, ओल, कीडनियंत्रण, तक्रारी या प्रत्येकाची नोंद परीक्षक मागतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री तीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत लिहून काढण्याचा मोह होतो. आमच्या माहितीतील एका पेढीवर असे झाले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वहीत रोज सकाळी नऊ वाजता गोदाम झाडल्याची नोंद होती, आणि ती रंगपंचमीच्या दिवशीही होती! परीक्षक इंदूरचाच होता. ज्या दिवशी सारे शहर राजवाड्यापुढे गेर पाहावयास लोटते, त्या दिवशी तुमचे गोदाम कोणी उघडले, एवढेच त्याने विचारले. कोरी राहिलेली पाने ही लहान उणीव ठरली असती. खोटी भरलेली पाने निघाल्यावर बाकीच्या खऱ्या वह्यांवरही कोणी विश्वास ठेवीना.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने नाजूक अशा एका बाबीकडे वळतो. परीक्षक विचारतो, किडीचे काय करता? कित्येक सभासद या प्रश्नाने अवघडतात, कारण जीवदया हा आपला धर्म आणि वखारीत धूर देणे हे उघड हिंसेचे काम. काही जण म्हणूनच कीडनियंत्रणाची नोंदच ठेवीत नाहीत, आणि गुपचूप गोळ्या ठेववून घेतात. हे दोन्ही बाजूंनी वाईट आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतील ओल लागली की जो वायू निघतो तो माणसालाही तितकाच मारक आहे. यास्तव त्यांच्या विक्रीवर व वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि मान्यताप्राप्त कीडनियंत्रकाच्या हातूनच ते काम व्हावयास पाहिजे. गोदामाला लागून हमालांची निजण्याची खोली असेल तर अशा गुपचूप कामाचा परिणाम काय होईल ते सांगावयास नको.

प्रमाणपत्राची पद्धत मारण्याचा आग्रह धरीत नाही, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. तिचा आग्रह कीड होऊ न देण्याचा आहे, आणि आपल्यांत जिला जयणा म्हणतात ती याहून वेगळी नाही. चातुर्मासापूर्वी घरोघरी धान्य उन्हात देऊन, चाळून, निवडून भरण्याचा जो प्रघात आपल्या घरच्या स्त्रियांनी चालविला आहे, त्यात मानकाची निम्मी कलमे येतात. दाण्यातील ओल १० टक्क्यांच्या खाली आणली तर सोंड्याची पैदास फार मंदावते. सरकारी खरेदीत गव्हाची ओल १२ टक्क्यांवर गेली की भाव कापतात आणि १४ टक्क्यांवर माल परत करतात. ओलमापक यंत्र आता प्रत्येक पेढीच्या आवाक्यात आहे. माल भिंतीला न चिकटविता, फळ्यांवर थप्पी लावावी, जुने आधी काढावे, कोपऱ्यांतील सांडलेला दाणा रोज उचलावा, पावसाळ्यापूर्वी भेगा बुजवाव्यात. हवाबंद पिशव्यांचाही उपाय आहे, पण प्राणवायू संपून आत असलेला जीव तेथेही मरतोच, म्हणून त्या स्वच्छ व कोरड्या मालालाच वापराव्यात. आणि कीड झाल्यावर नुसते चाळून ती लपत नाही. किडीच्या विष्ठेतील युरिक ॲसिड दाण्यात मागे राहते, आणि ते किलोमागे १०० मिलीग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा नियम आहे. प्रयोगशाळेला ते दिसते.

राहिले गिऱ्हाईक, आणि येथे आम्ही माल आणणारा शेतकरी व नेणारा दुकानदार दोघांनाही धरतो. गोदाम कितीही आरशासारखे ठेवले तरी शेतातून आलेले विष झाडूने निघत नाही. हरदा-नर्मदापुरमकडील उन्हाळी मुगाचे ताजे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. पीक लवकर वाळावे म्हणून काढणीपूर्वी तणनाशक फवारण्याची पद्धत तिकडे पसरली. २०२५ साली याच कारणास्तव राज्य शासनाने प्रथम तो मूग खरेदी करण्यास अनुत्सुकता दाखविली आणि शेतकऱ्यांच्या मागणीनंतर जूनमध्ये खरेदी जाहीर केली. दाणा हिरवागार, टपोरा, चमकदार. परखीने काढून तळहातावर घेतला तर कोणाही पारख्यास फसवील. आमच्या नजरेचा आम्हांस अभिमान आहे, तथापि या ठिकाणी ती निरुपयोगी आहे हे मान्य केले पाहिजे. २०२० साली युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील संघाने आपल्या तिळाच्या निम्म्या खेपा सीमेवर तपासण्याचा नियम केला. कोणा एकाच्या कामामुळे साऱ्या देशाच्या तिळावर पहारा बसला.

म्हणून शेतकऱ्याशी बोलणे हा तयारीचा भाग आहे. तो पेढीवर पट्टी घ्यायला बसतो तेव्हा चहाबरोबर त्याला विचारावे: दादा, शेवटची फवारणी कधी केली, कशाची केली? उत्तर वहीत लिहावे. खताच्या किंवा बियाण्याच्या जुन्या पिशवीत माल आणू नये, रंग लावलेले उरलेले बियाणे खाण्याच्या मालात मिसळू नये, रस्त्यावर माल वाळत घालू नये, हे गावोगाव सांगावे. आणि स्वच्छ माल आणणाऱ्याला क्विंटलमागे चार पैसे अधिक द्यावेत. नुसत्या उपदेशाने कोणी रस्त्यावरचा गहू उचलून ताडपत्रीवर नेत नाही.

दुकानदारांना एक साधे पत्र हिंदीत लिहावे की आमच्याकडे अमुक तारखेस तपासणी आहे, परीक्षक कदाचित आपणांसही विचारील, तेव्हा जे खरे असेल ते सांगावे. तक्रार असेल तर ती आजच लेखी द्यावी. तक्रारवही कोरी असणे भूषणाचे, अशी आपल्यांत समजूत आहे. परीक्षकाला ती कोरी वही संशयास्पद वाटते. वर्षभर हजारो पोती विकून एकही पोते परत आले नाही, यावर कोण विश्वास ठेवील? परत आलेले पोते, त्याचे कारण आणि त्यावर काय केले, या तीन ओळी दाखविता आल्या की काम झाले.

प्रत्यक्ष दिवशी विशेष काही करू नये. मिठाईचे ताट, शाल-श्रीफळ, जेवणाचा आग्रह हे आपले संस्कार असले तरी त्या दिवशी आवरावेत. पाणी आणि चहा पुरे. शेवटच्या बैठकीत परीक्षक उणिवा वाचून दाखवितो. त्यांत मोठ्या व लहान असे भाग असतात. मोठी उणीव दूर झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, आणि लहान उणिवांना मुदत देतात. त्या वेळी वाद घालण्यापेक्षा समजून घ्यावे, आणि पटले नाही तर पुराव्यासह लेखी कळवावे. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि दर वर्षी फेरतपासणी होते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ढिलाई येते हा मनुष्यस्वभाव आहे. आपले शहर २०१६ साली स्वच्छतेत पंचविसावे होते, २०१७ पासून सतत पहिले आले, आणि त्याचा अभिमान आपण सर्व मिरवितो. तरीही २०२५ च्या डिसेंबरात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून माणसे दगावली. परीक्षक रस्ता पाहून गेला होता. जमिनीखालची नळी पाहण्याचे काम तेथील रोजच्या माणसांचे होते.

खर्चाविषयी एक सूचना करून थांबतो. लहान सभासदांस एकट्याने शिक्षक बोलाविणे आणि नमुने प्रयोगशाळेत पाठविणे परवडत नाही. दहा-पंधरा पेढ्यांनी मिळून ते करावे आणि संघाने त्यात पुढाकार घ्यावा. सोयाबीनची आवक ओसरल्यावर व नव्या गव्हाची सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, हमाल व तुलावटी यांना दुपारचे दोन तास मोकळे सापडतात. वर्ग घ्यावयाचा तो तेव्हा घ्यावा, हिंदीत घ्यावा, आणि त्या दोन तासांची मजुरी त्यांना द्यावी.